घंगाळाची हिशोबपट्टी

घंगाळ माझ्या आईचं. आंघोळीच्या पाण्याचं, पितळेचं, नऊ किलोचं, दोन्ही बाजूंना कड्या. घरावर सोलर बसलं आणि ते माजघरात पालथं झालं, त्यावर मांजर झोपायला लागली. मोडीवाला किलोमागे चारशे देत होता. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, ऑनलाइन असल्या घंगाळाला दहा हजार येतात." आपली मांजर दहा हजारांवर झोपते हे कळल्यावर कोणाला झोप लागेल?

आधी मीच विकायला निघालो. फोटो टाकला तर दहा मिनिटांत गिऱ्हाईक हजर. मी फौजी आहे म्हणाला, भाव केला नाही, लगेच कोड पाठवला. हा स्कॅन करून पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतात. बायको भाकरी थापता थापता ऐकत होती. "काहो, पैसे घ्याले पिन कायले लागते? पिन तं द्याले लागते." मी फोन ठेवला. त्या दिवशी ठरलं की हे काम जाणत्या माणसाकडून करून घ्यायचं, त्याचे दोन पैसे गेले तरी चालेल.

दोन म्हणजे किती, एवढाच प्रश्न होता. आणि तो मला अवघड वाटत नव्हता. संत्र्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाची चिठ्ठी, वाचण्यात माझा जन्म गेला. अडत म्हणजे दलालाचं कमिशन, हमाली, तोलाई वजा करत करत खाली उरतो तो आपला. 2016 साली सरकारनं फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदारावर टाकली, तेव्हा पारावर सगळ्यांना ते समजावून सांगणारा मीच होतो.

वरुडच्या बसस्टँडजवळ एका पोट्ट्याचं मोबाइलचं दुकान आहे. लोकांच्या वस्तू ऑनलाइन विकून देतो. "दहा टक्के काका, बस." मी खुशीत चहा सांगितला. चहा येईपर्यंत फोटोचे पन्नास रुपये नग, असे आठ; मजकूर लिहायचे दोनशे; पॅकिंगचे सहाशे, एवढं निघालं. शेवटच्या घोटाला मी विचारलं, हे दहा टक्के कशाचे?

"तुम्ही मांगान त्या किमतीचे."

म्हणजे चौदा हजार मागितले आणि दहाला गेलं, तरी याचे चौदाशे. मी म्हटलं, "अबे, मांगाले तं कोणी लाखही मांगन!"

"मांगा ना काका."

नागपूरच्या एका कंपनीला फोन लावला. बाई गोड बोलत होत्या. "सर, थर्टी पर्सेंट, ऑल इनक्लुसिव्ह. विक्रीच्या किमतीवर." मी म्हटलं, बाई, तुमची अडत घेणाऱ्याकडून घ्या ना, आमच्या बाजारात तसंच आहे. त्या हसल्या नाहीत. दहा हजारांचे तीन हजार झाले, मग हळूच म्हणाल्या, "प्लस जीएसटी." कमिशनवर अठरा टक्के, म्हणजे आणखी 540. सगळं धरून होतं, फक्त सरकार धरलं नव्हतं.

कुरिअरचा खर्च घेणाऱ्याचा, असं दोघंही म्हणाले. पण तो किती हे कळल्याशिवाय घेणारा घेणार कसा? खोका 60 बाय 60 बाय 35 सेंटिमीटरचा. तिन्ही गुणायचे, 5000 नं भागायचे, आले 25.2 किलो. काट्यावरचं वजन आणि हे वजन, यातलं जास्त असेल ते धरतात. वरचे सोळा किलो कशाचे? जागेचे. आमच्या कापसात आठ टक्क्यांवर ओल निघाली की भाव कापतात, आणि इथे घंगाळातल्या कोरड्या हवेलाही भाडं!

राहिले अमरावतीचे भाचजावई. "मामाजी, तुमच्याकडून काय पैसे घ्यायचे? घरचंच काम." वहीत मी तीन रकाने पाडले होते. त्यांच्या रकान्यात 'फुकट' लिहिलं. मग त्याखाली संत्र्याची एक पेटी, पाच किलो तुरीची डाळ, दोनदा जाणं-येणं, भाचीच्या हातावर ठेवायचे पाचशे, असं लिहीत गेलो. शिवाय घंगाळ कितीला गेलं हे जावयाला विचारता येत नाही ते वेगळंच. सगळ्यात आधी तोच रकाना खोडला.

पोट्टा 2,600, कंपनी 3,540. फरक 940 चा. हे काढायला चार दिवस, वरुडच्या तीन चकरा आणि अर्धी वही लागली. मी पोट्ट्याला होकार दिला.

त्यानं फोटो खरंच झकास काढले. दोनशे रुपयांच्या मजकुरात घंगाळाचं 'व्हिंटेज ब्रास प्लांटर' झालं होतं, म्हणजे कुंडी. आठवा फोटो काठावरच्या अक्षरांचा होता. ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं आईचं नाव, खाली 'मामाकडून', आणि सन 1961. "याच्यानं भाव वाढते काका," तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. आईच्या त्याच मामाच्या पुण्यातल्या नातवाला ती जाहिरात दिसली होती. त्यानं ती नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली होती, आणि तिथून कोणीतरी ती त्याच्या आजीला, म्हणजे आईच्या मामीला, वाचून दाखवली होती.

"काहून रे बाप्पा," मामी म्हणाली, "घंगाय इकून रायला म्हंते तू? किती पैसे पाह्यजे तुले, सांग. मी देतो धाडून."

मी चाचरत काहीतरी बोललो. मग न जेवता वरुडला गेलो. म्हटलं, काढ ती जाहिरात.

"काढतो ना. कॅन्सलेशन पाच टक्के हाये काका."

"कशाचे?" मी विचारलं, पण तोवर मलाच उत्तर माहीत झालं होतं. चौदा हजारांचे सातशे, फोटोंचे चारशे, मजकुराचे दोनशे. तेराशे. न विकण्याचा रकाना मी वहीत पाडलाच नव्हता.

मी नोटा मोजल्या. पोट्ट्यानंही मोजल्या, गल्ल्यात टाकल्या आणि हसून म्हणाला, "पॅकिंगचे नाई धरले बरं काका. तुम्ही घरचेच."

घरचेच म्हटल्यावर मी चहालाही थांबलो नाही.