डी, एमएस आणि ते 60,000 चं पाकीट

ताई, व्हिटॅमिन डी आणि एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार) यांवरच्या माझ्या लेखावर तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘डी घेऊन एमएस थांबत नाही असं बेधडक लिहिता, मग फ्रान्समधल्या चाचणीचं काय? इंजेक्शनवाल्यांची वकिली करताय का?’ वकिलीचं सोडा, पण चाचणीबद्दल तुमचं बरोबर आहे. ती लेखात यायलाच हवी होती.

2025 मध्ये तिचे निष्कर्ष आले. एमएसच्या लक्षणांचा पहिलाच अटॅक आलेल्या, एमएसचं औषध अजून सुरू न झालेल्या लोकांना दोन वर्षं दर पंधरा दिवसांनी 1,00,000 युनिट डी दिलं. आजार पुन्हा हलल्याच्या खुणा त्यांच्यापैकी 60 टक्के लोकांत दिसल्या, बिनऔषधाचा डोस घेणाऱ्यांत 74 टक्के. हा फरक मी नाकारत नाही. पण तो एमआरआयवरच्या नव्या डागांत होता, नुसते अटॅक मोजले तर ठळक फरक नव्हता. तुमचे भाऊ चार वर्षं एमएसच्या इंजेक्शनवर आहेत, म्हणजे त्यांना अमेरिकेतली चाचणी जास्त लागू. तिथे सगळेच ग्लॅटिरामर हे एमएसचं इंजेक्शन घेत होते. रोज 5,000 युनिट घ्या नाहीतर 600, अटॅक तेवढेच.

‘डी 9 होतं म्हणूनच एमएस झाला,’ असं तुम्ही लिहिलंय. माझंही रक्तातलं डी 11, म्हणजे कमीच, आलं होतं. पण त्याआधी दोन वर्षं मी दुपारी घराबाहेर पडतच नव्हते, कारण ऊन लागलं की डाव्या डोळ्यापुढे धुकं यायचं. मग आधी काय झालं, डी कमी की एमएस, कोणी सांगावं? अर्थात सगळंच असं उलटं नाही. अमेरिकी सैनिकांच्या साठवलेल्या रक्ताचा 2006 सालचा अभ्यास आहे. त्यात आजार होण्याआधीच ज्यांचं डी भरपूर होतं, त्यांना एमएसचा धोका कमी दिसला. गोऱ्या सैनिकांपुरता, हेही सांगायला हवं.

आता ज्या वाक्याने माझी झोप उडाली ते. भाऊ 60,000 युनिट डीच्या पावडरचं पाकीट ‘रोज दुधातून’ घेतात? अहो, ते आठवड्याला एक घ्यायचं असतं! फ्रान्सचा डोस दिवसाला जेमतेम 7,000 पडतो. रोज 60,000 गेले तर रक्तात कॅल्शियम चढतं आणि मूत्रपिंडांवर येतं. मळमळ, तहान, सारखी लघवी. आणि आपल्या एमएसवाल्यांत सारखी लघवी म्हटलं की खापर एमएसवरच फुटतं. पाकीट आज बंद करा, उद्या सकाळी रक्तातलं कॅल्शियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांची तपासणी) तपासून घ्या, आणि रिपोर्ट न्यूरोलॉजिस्टना दाखवताना किती महिने घेतलं तेही सांगा.