आयतं बीळ कुणाला म्हणता?

अमेरिकेतलं कॉलेज बास्केटबॉल पाहणाऱ्यांमध्ये दर मार्चला एक आरोप नव्याने फिरतो: कोच रिचर्ड पिटिनो म्हणजे आयत्या बिळावर नागोबा. वडील रिक पिटिनो, १९९६ साली केंटकी विद्यापीठाला विजेतेपद मिळवून देणारे नामांकित कोच. त्यांच्या आडनावावर मुलाला नोकऱ्या मिळत गेल्या. मिनेसोटा विद्यापीठाने काढलं, तर दुसऱ्याच दिवशी न्यू मेक्सिको विद्यापीठाने उचललं. तिथे जे काही जिंकलं ते वडिलांच्या ओळखींवर आणि पैसे टाकून आणलेल्या खेळाडूंच्या जिवावर. आणि मोठ्या कोचांची मुलं शेवटी अशीच निघतात.

यातला एक भाग खरा आहे, तो आधीच मान्य करतो. २०१२ मध्ये फ्लोरिडा इंटरनॅशनलने त्याला मुख्य कोच केलं तेव्हा तो २९ वर्षांचा होता. तिथे एकच हंगाम काढला आणि तिशीत मिनेसोटासारख्या मोठ्या लीगमधल्या संघाची सूत्रं हातात आली. वडिलांकडे लुईव्हिलला आणि बिली डोनोव्हनकडे फ्लोरिडात सहायक म्हणून तो शिकला होता, हे खरंच. पण तितकंच शिकलेले कितीतरी सहायक चाळिशी ओलांडली तरी पहिल्या संधीची वाट पाहत बसतात. ते दार आडनावाने उघडलं. याबद्दल कुणाला चीड येत असेल तर ती रास्त आहे.

माझा वाद त्यापुढच्या वाक्यांशी आहे.

आधी ‘दुसऱ्याच दिवशी नोकरी’ घेऊ. मार्च २०२१ मध्ये मिनेसोटाने त्याला काढलं आणि लगेच न्यू मेक्सिकोने घेतलं, ही घटना खरी. पण मोठ्या लीगमधून काढलेला कोच एक पायरी खाली येऊन पडका संघ हाती घेतो, हे तिथे नेहमीचंच. त्याच वर्षी, न्यू मेक्सिकोच्याच माउंटन वेस्ट लीगमध्ये सॅन होजे स्टेटने टिम माइल्सला नेमलं. त्याला नेब्रास्काने २०१९ मध्ये काढलं होतं. माइल्सच्या मागे कुठलाही नामवंत बाप उभा नव्हता. त्यानेही पहिल्या वर्षी मार खाल्ला आणि दुसऱ्या वर्षी संघ वर काढला. त्याला कुणी नागोबा म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

आता त्या बिळाकडे बघू, कारण सगळा आरोप ‘आयतं’ या शब्दावर उभा आहे. आल्बुकर्कीतल्या न्यू मेक्सिकोच्या मैदानाचं नावच ‘द पिट’, म्हणजे खड्डा. खेळायची फरशी रस्त्याच्या पातळीपासून ३७ फूट खाली आहे, भोवती पंधरा हजार प्रेक्षक बसतात. १९८३ ची राष्ट्रीय स्पर्धेची गाजलेली अंतिम लढत, नॉर्थ कॅरोलायना स्टेट विरुद्ध ह्यूस्टन, इथेच झाली. त्या राज्यात मोठ्या व्यावसायिक लीगचा एकही संघ नाही, त्यामुळे लोबोज, म्हणजे न्यू मेक्सिको विद्यापीठाचा संघ, हाच सगळ्यांचा संघ. २०२०-२१ मध्ये कोविडच्या सरकारी निर्बंधांमुळे या संघाला स्वतःच्या मैदानात खेळता आलं नाही. पोरांना टेक्ससमधल्या लबकला मुक्काम हलवावा लागला. हंगाम संपला तेव्हा ६ विजय आणि १६ पराभव. मार्चच्या राष्ट्रीय स्पर्धेत शेवटचं पाऊल पडलं होतं २०१४ मध्ये, आणि तिथला शेवटचा विजय त्याहून दोन वर्षं जुना. मैदान भव्य होतं, संघ मोडलेला. याला आयतं कसं म्हणायचं?

पहिल्या हंगामात १३ विजय, १९ पराभव. दुसऱ्यात सुरुवातीचे सलग १४ सामने जिंकले. जानेवारी २०२३ च्या पहिल्या दिवसांत देशभरात न हरलेला हा एकटा संघ उरला होता. आपल्याकडे तेव्हा सकाळ असायची, आणि मी चहा गार होईपर्यंत स्क्रीनसमोरून हलत नसे. मग संघ घसरला, २२-१२ वर थांबला, राष्ट्रीय स्पर्धा हुकली. तिसऱ्या वर्षी लीगच्या स्पर्धेत सहावं मानांकन असताना चार दिवसांत चार सामने जिंकून, अंतिम फेरीत सॅन डिएगो स्टेटला हरवून, दहा वर्षांनी राष्ट्रीय स्पर्धा गाठली. तिथे क्लेमसनने ७७-५६ असं धुतलं, तेही सांगायला हवं. चौथ्या वर्षी २७-८, माउंटन वेस्टमध्ये पहिला क्रमांक, आणि राष्ट्रीय स्पर्धेत मार्क्वेटवर ७५-६६ विजय. पुढच्या फेरीत मिशिगन स्टेटने रोखलं.

आरोप करणाऱ्यांना माझा सरळ प्रश्न आहे. १३-१९ च्या वर्षी आडनाव पिटिनोच होतं आणि २७-८ च्या वर्षीही पिटिनोच. मिनेसोटातही एका हंगामात ८-२३ आणि पुढच्याच हंगामात २४-१०, शिवाय मिनेसोटाच्या बिग टेन लीगमधला सर्वोत्तम कोच हा मान. जे चारही वेळा तेच राहिलं, त्याने हे फरक कसे पडतील?

वडिलांच्या ओळखींचा मुद्दा मी झटकून टाकणार नाही. नेली ज्युनियर जोसेफ हा उंच खेळाडू आयोना विद्यापीठाहून आला, जिथे आधी रिक पिटिनो कोच होते. जमाल मॅशबर्न ज्युनियरचे वडील केंटकीत रिक यांच्याच हाताखाली खेळले होते. पण धाकटा मॅशबर्न रिचर्डकडे मिनेसोटात खेळला आणि कोच बदलल्यावर त्याच्या मागोमाग वाळवंटात आला. मुलगा वडिलांच्या जुन्या कोचसाठी एवढा प्रवास करत नाही, स्वतःच्या कोचसाठी करतो.

‘विकत घेतलेले खेळाडू’ हा तर उलटा आरोप आहे. २०२५ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला डोनोव्हन डेंट शाळेतून थेट न्यू मेक्सिकोत आला आणि तिथेच तीन वर्षं घडला. जे. टी. टॉपिनही तसाच पहिल्या वर्षाचा मुलगा, लीगचा सर्वोत्तम नवोदित. मग टॉपिनला टेक्सस टेकने नेलं आणि डेंटला यूसीएलएने. मोठी विद्यापीठं न्यू मेक्सिकोच्या शेतातून पीक नेत होती आणि तिथला कोच दरवर्षी पुन्हा पेरत होता.

राहिलं ते ‘कोचांची मुलं अशीच’. बॉबी नाइट यांनी २००८ मध्ये हंगामाच्या मध्येच टेक्सस टेक सोडलं आणि मुलगा पॅट त्यांच्या खुर्चीत बसला. ५० विजय, ६१ पराभव, २०११ मध्ये हकालपट्टी. हे उदाहरण सगळे देतात. पण २००६ मध्ये डिक बेनेट यांनी ११-१७ वर थांबलेलं वॉशिंग्टन स्टेट अगदी तसंच मुलाच्या हाती दिलं, आणि टोनी बेनेटने पहिल्याच हंगामात २६ सामने जिंकले. पुढे व्हर्जिनियात २०१८ साली त्याच्या अव्वल मानांकित संघाला सोळाव्या मानांकनाच्या संघाने वीस गुणांनी हरवलं. त्याआधी पुरुषांच्या स्पर्धेत असं कधीच घडलं नव्हतं. वर्षभराने तोच संघ विजेता झाला. होमर ड्रू यांचा मुलगा स्कॉट २००३ मध्ये बेलरला गेला तेव्हा तिथे एका खेळाडूचा खून झाला होता आणि आधीच्या कोचला गैरव्यवहारांमुळे जावं लागलं होतं. २०२१ मध्ये बेलरने गोन्झागाला ८६-७० हरवून विजेतेपद घेतलं. नाइट आणि बेनेट दोघांनाही बापाची गादीच मिळाली, निकाल मात्र एकदम वेगळे. गादीवरून कोच ओळखता येत नाही.

मार्च २०२५ मध्ये रिचर्ड झेव्हियर विद्यापीठात गेला, वडिलांचं सेंट जॉन्स ज्या लीगमध्ये आहे त्याच बिग ईस्टमध्ये. आल्बुकर्कीतली माणसं यावरून चिडली असतील तर तो राग मला कळतो. चांगला हंगाम संपतो आणि कोच निघून जातो, हे त्यांनी आधीही सोसलं आहे. पण त्या रागाचं कारण आडनाव नाही. निकामी निघालेला कोच गेला म्हणून कुणी हळहळत नाही.