ग्राफिक कार्डावाचून अडलंय कुठं?

“रोल-प्लेइंग गेम ही कॉम्प्युटरची देणगी. ग्राफिक्स सुधारले तसा खेळ सुधारला. आता एआय आलं, कागद-फाशांचा जमाना संपला. तगडं ग्राफिक कार्ड नसेल तर नादी लागू नका.” हा मेसेज सध्या लातूरच्या कॉलेज ग्रुपांवर फिरतोय.

रोल-प्लेइंग म्हणजे एखादं पात्र होऊन खेळायचं: काय करतो ते खेळाडू सांगतो, जमलं का ते फासा ठरवतो. मेसेजचं पहिलंच वाक्य उलटं. असा पहिला गाजलेला खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली आला तो कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन. कॉम्प्युटरवर तसला खेळ वर्षभरानं चढला, तोही चोरून. इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो’ या शिकवण्यासाठीच्या यंत्रणेवर ‘पेडिट५’ असं अभ्यासाच्या फाइलीला शोभेल असं नाव घेऊन तो लपला होता. सापडला की पुसला जायचा. (आपल्या होस्टेलातल्या पोरांना ही युक्ती वेगळी शिकवायला नको.)

ग्राफिक्सचं म्हणाल, तर १९८० च्या ‘रोग’ या कॉम्प्युटर गेममध्ये नायक म्हणजे ईमेलमधलं ॲटचं चिन्ह आणि राक्षस म्हणजे इंग्रजी अक्षरं. भुयार मात्र दर डावाला नवं.

यंत्रानं फाशांचा आणि गुणांचा हिशेब अंगावर घेतला, आणि १९७८ च्या ‘मड’ या अनेकांनी मिळून खेळायच्या गेमपासून लांबलांबची माणसं एका जगात आणली. हे मोठंच काम. पण मोकळीक गेली. देवगिरी किल्ल्याच्या अंधारीत, म्हणजे तिथल्या काळोख्या भुयारात, कागद-फाशांचा डाव मांडून बघा. वरच्या तोंडाशी शेगडी पेटवून भुयारात धूर कोंडायची सोय तिथं होती, असं सांगतात. खेळाडू म्हणतो, “मी घोंगडं भिजवून तोंडाला बांधायलोय, अन् पहारेकऱ्यालाच हाक मारतो, पाव्हणं, धूर कशाचा हो?” डाव चालवणारा जरा गप्प होतो, मग म्हणतो, “टाक फासा.” कॉम्प्युटर गेममध्ये घोंगडं भिजवायची सोय कुणी आधी करून ठेवली असेल तरच ते भिजतं.

एआयला असली उत्तरं सुचतात, कबूल. पण ते खेळाडूचं फार ऐकतं, आणि डाव लांबला की मघाशी मेलेला पहारेकरी पुन्हा दारात उभा करतं.

आणि कागद-फासे संपले म्हणावं, तर २०२३ च्या ‘बाल्डर्स गेट ३’ या कॉम्प्युटर गेममध्ये पडद्यावर गडगडतो तो वीस बाजूंचा फासाच. त्याच वर्षी जानेवारीत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली फुकट खुले झाले. फासा मिळाला नाही तर १ ते २० च्या चिठ्ठ्या डब्यात टाका. काढलेली चिठ्ठी मात्र दर वेळी परत टाकायची, नाहीतर तिसऱ्या लढाईपर्यंत सगळ्यांना कळतं की सगळ्यात भारी आकडा, वीस, केव्हाच निघून गेलाय.