‘आय7 मागितला, आय5 दिला’ : ग्राहकाच्या अभिप्रायाला दुकानमालकाचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

आमच्या दुकानाला दोन तारे देऊन आपण लिहिलेला अभिप्राय मी लक्षपूर्वक वाचला. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे की आपण आय7 प्रोसेसर मागितला असता आम्ही आय5 गळ्यात मारला. दुसऱ्या दुकानात याहून कमी पैशांत आय7 मिळत होता, ज्याच्या कोटेशनचे छायाचित्र आपण सोबत जोडले आहे. जुनी, चांगली चालणारी रॅम आम्ही वापरली नाही. एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, विनाकारण बदलायला लावला. आणि एवढे करूनही चिरंजीवांचा गेम अडखळतोच. हा अभिप्राय अकोल्यातले इतर ग्राहकही वाचणार आहेत, म्हणून उत्तरही सर्वांसमोर देत आहे.

सुरुवात त्या कोटेशनपासून करतो. छायाचित्र मोठे करून पाहिले तर प्रोसेसरच्या रकान्यात ‘कोअर आय7-4770’ असे बारीक अक्षरांत लिहिलेले दिसते. आय7 च्या पुढचा आकडा बहुतेक जण वाचत नाहीत आणि विकणाऱ्यांचे नेमके तिथेच फावते. नुसते ‘आय7’ म्हणणे हे जुनी गाडी विकताना कंपनीचे नाव सांगून मॉडेलचे साल गाळण्यासारखे आहे. 4770 मधला पहिला 4 हा पिढीचा, म्हणजे ज्याला आपण जनरेशन म्हणतो त्याचा आकडा आहे. हा प्रोसेसर इंटेलने 2013 साली बाजारात आणला. आपल्या जुन्या कॉम्प्युटरमधला आय5-4460 हा 2014 चा, त्याच चौथ्या पिढीचा आणि त्याच सॉकेटात, म्हणजे बोर्डावरच्या प्रोसेसरच्या बैठकीत, बसणारा होता. म्हणजे तो आय7 घेतला असता तर ज्या पिढीला कंटाळून आपण आमच्याकडे आलात, त्याच पिढीत आपले पैसे पुन्हा अडकले असते. आम्ही बसवलेला आय5-12400 हा बाराव्या पिढीचा, 2022 साली आलेला प्रोसेसर आहे. त्यात सहा कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग) आणि बारा थ्रेड (एकाच वेळी हाताळता येणारे कामाचे धागे) आहेत, तर त्या आय7 मध्ये चार कोअर आणि आठ थ्रेड. शिवाय मधल्या वर्षांत तेवढ्याच गिगाहर्ट्झमध्ये होणारे काम इतके वाढले आहे की बाराव्या पिढीतला चार कोअरचा साधा आय3-12100 सुद्धा 4770 ला सहज मागे टाकतो.

शिवाय प्रश्न केवळ वेगाचा नाही. मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबवला आणि विंडोज 11 साठी इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर व टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते. 4770 त्या यादीत बसत नाही. खटपटी करून अशा जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज 11 चढवून देणारे लोक आहेत, हे मला ठाऊक आहे. पण ज्यावर आपले टॅलीचे हिशेब आणि बँकेचे व्यवहार चालतात, त्या कॉम्प्युटरवर ती खटपट मी करून देणार नाही.

आता त्याच बाराव्या पिढीतला आय7-12700 का नाही, हा प्रश्न मात्र रास्त आहे. त्यात बारा कोअर आणि वीस थ्रेड आहेत आणि तो नक्कीच अधिक ताकदीचा आहे. परंतु ही जादा ताकद कामाला येते ती व्हिडिओ एडिटिंग, थ्रीडी रेंडरिंग किंवा मोठे सॉफ्टवेअर प्रोजेक्ट तयार करण्यासारख्या कामांत, जिथे काम अनेक कोअरमध्ये वाटले जाते. आपण सांगितलेली कामे टॅली, ब्राउझर, ऑनलाइन वर्ग आणि फोटो सांभाळणे अशी होती. तिथे बहुतांशी एका कोअरचा वेग महत्त्वाचा ठरतो, आणि तो 12400 चा कमाल 4.4 तर 12700 चा 4.9 गिगाहर्ट्झ आहे. बिल करताना हा फरक मोठा दिसतो, टॅली उघडताना तो जाणवतही नाही. शिवाय पूर्ण जोर लावल्यावर 12400 कमाल 117 वॅट घेतो, तर 12700 हा 180 वॅटपर्यंत जातो. आपल्या बजेटमधल्या एच610 मदरबोर्डावर (सगळे भाग ज्यावर जोडतात त्या मुख्य बोर्डावर) आणि मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जाणाऱ्या आपल्या गावात ती उष्णता बाहेर काढायची तर चांगला कूलर आणि वरच्या दर्जाचा बोर्डही घ्यावा लागला असता. तसे न करता महागडा प्रोसेसर घेतला तर तो ऐन उन्हाळ्यात स्वतःचा वेग स्वतःच कमी करून चालतो आणि ग्राहकाला ते कळतही नाही.

इंटेलऐवजी एएमडी कंपनीचा रायझन का सुचवला नाही, असे कुणी विचारेल. रायझन 5 5600 हा तितकाच तोलामोलाचा प्रोसेसर आहे, परंतु त्यात स्वतःचे ग्राफिक्स नाही. ग्राफिक्स कार्ड घेतल्याखेरीज पडद्यावर चित्रच येत नाही, आणि कार्ड आत्ता घ्यायचे नाही असे आपले म्हणणे होते.

आपला जुना कॉम्प्युटर काउंटरवर ठेवून आम्ही टास्क मॅनेजर, म्हणजे कोणता भाग किती टक्के कामात आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी, उघडून दाखवला होता, ते आपल्याला आठवत असेल. ब्राउझरच्या चार-पाच खिडक्या आणि टॅली एकत्र उघडल्यावर प्रोसेसरचा आकडा तिशीच्या खाली रेंगाळत होता आणि डिस्कचा आकडा 100 टक्क्यांवरून हलत नव्हता. मिनिटाला 7200 फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कच्या तबकडीला एका फेऱ्याला सुमारे 8 मिलिसेकंद लागतात, त्यात वाचणारी सुई योग्य जागी सरकण्याचा वेळ वेगळाच. त्यामुळे विखुरलेली माहिती ती सेकंदाला जेमतेम शंभर-दीडशे वेळा वाचू शकते, आणि प्रोसेसर कोणताही असो, तेवढा वेळ तो हात बांधून बसतो. नव्या कॉम्प्युटरमधल्या एसएसडीत, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारा भागच नसल्याने हेच काम सेकंदाला हजारो वेळा होते. आपला नवा कॉम्प्युटर चटकन सुरू होतो असे आपणही अभिप्रायात लिहिले आहे. त्याचे बरेचसे श्रेय मी प्रोसेसरला देणार नाही. विंडोज 10 चा मुद्दा नसता तर जुन्याच कॉम्प्युटरला एसएसडी लावून द्यावी, असेच मी म्हटले असते.

जुनी रॅम न वापरण्याचे कारण सरळ आहे. ती डीडीआर3 होती, नवा बोर्ड डीडीआर4 चा आहे. दोहोंची खाच वेगळ्या जागी असते, पिनांची संख्या 240 आणि 288 अशी निराळी असते आणि व्होल्टेजही निराळे असते. ती त्या स्लॉटमध्ये बसतच नाही. त्या कोटेशनात 16 जीबीची एकच रॅम आहे आणि आम्ही 8 जीबीच्या दोन दिल्या, तेही हेतुपुरस्सर. दोन चॅनेल मिळाले की रॅमचा रस्ता दुप्पट रुंद होतो, आणि प्रोसेसरमधले ग्राफिक्स हीच रॅम वापरत असल्याने त्याला याचा विशेष फायदा होतो. कॅबिनेट, मॉनिटर आणि कीबोर्ड आम्ही जुनेच ठेवले. जुनी हार्ड डिस्कही फोटोंसाठी आतच आहे.

एसएमपीएसविषयी मात्र माझे मत ठाम आहे. जुन्या एसएमपीएसचा पंखा अडकत फिरत होता आणि त्याला ग्राफिक्स कार्डासाठी लागणारी जोडणीच नव्हती. हा एकच भाग असा आहे की जो जाताना सोबत बोर्ड आणि डिस्कही घेऊन जाऊ शकतो. तिथे वाचवलेले पैसे मला वाचवलेले वाटत नाहीत.

गेमविषयी. 12400 मधले यूएचडी 730 ग्राफिक्स हे कार्यालयीन कामासाठी आणि व्हिडिओ पाहण्यासाठी आहे. व्हॅलोरंटसारखा हलका गेम कमी सेटिंगवर त्यावर चालतो, मोठे गेम चालत नाहीत, आणि हे कोटेशनच्या खाली लिहूनही दिले होते. आय7-12700 मधले यूएचडी 770 त्याहून थोडेसेच वरचे आहे; म्हणजे तो प्रोसेसर घेऊनही चिरंजीवांची तक्रार जशीच्या तशी राहिली असती. इथे उपाय ग्राफिक्स कार्डाचाच आहे, आणि बोर्डावरचा स्लॉट व नवा एसएमपीएस त्यासाठी तयार आहेत.

उघडलेला प्रोसेसर परत घेऊन पैसे देणे शक्य नाही. बॉक्सवरची तीन वर्षांची वॉरंटी अर्थातच लागू आहे. पुढे कधी व्हिडिओचे काम सुरू झाले तर याच सॉकेटात बाराव्यापासून चौदाव्या पिढीपर्यंतचे प्रोसेसर बसतात; त्यासाठी बायोस, म्हणजे बोर्डातले मूळ सॉफ्टवेअर, अद्ययावत करावे लागू शकते, आणि अधिक ताकदीचा प्रोसेसर घेतला तर कूलर व बोर्डाचा वर सांगितलेला विचारही करावा लागेल. तूर्त, आपण ग्राफिक्स कार्ड आमच्याकडून घ्या किंवा अन्य कुठून, बसवून देण्याचे पैसे आम्ही घेणार नाही. घेण्यापूर्वी गेमचे नाव, मॉनिटरचे रिझोल्यूशन आणि कॅबिनेटची आतली लांबी एवढे फोनवर कळवलेत तरी पुरेसे आहे, कारण आपले जुने कॅबिनेट लहान आहे आणि तीन पंख्यांचे कार्ड त्यात मावणार नाही. आणि कॅबिनेट घरातल्या पाण्याच्या कूलरच्या झोतासमोर असेल तर तेवढे बाजूला घ्यावे. ओलसर हवेबरोबर धूळ हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांत घट्ट चिकटून बसते, जशी आपल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये बसली होती.

आपला,
दुकानमालक