'बारा इंच म्हणजे बारा इंच' या प्रतिक्रियेला उत्तर : सीलबंद बॉक्सचा वूफर बदलताना

नमस्कार दादा, तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, पण दोन ओळींत उत्तर द्यावंसं वाटलं नाही, मुद्दा खरंच महत्त्वाचा आहे. मी लिहिलं होतं की एआर (अकूस्टिक रिसर्च) कंपनीच्या एआर-३ए सारख्या जुन्या सीलबंद स्पीकरचा वूफर (खालचे सूर काढणारा मोठा स्पीकर) गेला तर आधी त्याच वूफरला कडेचा नवीन फोम लावून बघा, नाहीच जमलं तर एफएस (बॉक्सबाहेर मोकळा असताना वूफर स्वतःहून ज्या वारंवारतेला डोलतो ती) २० हर्ट्झच्या आसपास असलेलाच शोधा. तुमचं म्हणणं असं की बॉक्समध्ये कोंडलेली हवाच स्प्रिंगचं काम करते हे तुम्हीच सांगता, मग वूफरची स्वतःची एफएस २० असो नाहीतर ३०, काय फरक पडतो, मी स्टेजवाला १२ इंची ३०० वॉटचा टाकला आणि मस्त दणक्यात वाजतोय.

यातलं पहिलं अर्धं तुमचं बरोबर आहे, आणि एफएसवर मी नको तेवढा जोर दिला हे मान्य. हिशोब करून बघितला. एआर-३एचा मूळ वूफर मोकळा धरला तर १८ च्या आसपास आणि साधारण ४१ लिटरच्या त्या बॉक्समध्ये बसवला की ४३ च्या आसपास, म्हणजे कोनला (वूफरच्या हलणाऱ्या पडद्याला) मागे खेचणारा एकूण जो ताण आहे त्याचे पावणेसहा भाग केले तर फोम आणि स्पायडर (कोनला मागून धरून ठेवणारी कापडी चकती) मिळून त्यातला एकच भाग, बाकी सगळी हवा. माझ्या स्पीकरच्या जोडीला एका कारागिराने फोमऐवजी जाड रबरी कड लावून दिली होती, बाहेर मोजलं तर २८, मी हादरलोच. पण आत बसवल्यावर ४३ चे ४८ झाले, बस. एआर कंपनीचे एडगर व्हिलचूर यांनी १९५४ मध्ये एआर-१ मध्ये हेच तर साधलं, वूफर मुद्दाम ढिला ठेवायचा आणि सावरायचं काम हवेवर सोपवायचं.

पण दादा, स्प्रिंग एकटी काही ठरवत नाही, तिला लटकलेलं वजनही बघावं लागतं. तान्ह्या बाळाचा स्प्रिंगचा पाळणा आठवा, तीन किलोचं बाळ असतं तेव्हा झपझप हलतो आणि तेच बाळ वर्षाचं झालं की त्याच स्प्रिंगवर संथ झुलतो. स्टेजचा वूफर कमी पॉवरमध्ये मोठा आवाज काढायला बनवलेला असतो म्हणून त्याचा कोन हलका, ५०-६० ग्रॅम, आणि या बॉक्सला खालचे सूर काढायला कोन लागतो जवळपास दुप्पट वजनाचा. एफएस ४८, व्हीएएस (वूफरच्या स्वतःच्या कडकपणाइतकी स्प्रिंग देणाऱ्या हवेचं माप) ८० लिटर, क्यूटीएस (कोनचं डोलणं किती लवकर आवरतं याचा आकडा) ०.३५ असा नेहमीचा स्टेजवाला धरा. व्हीएएसला ४१ ने भागा, त्यात १ मिळवा, वर्गमूळ काढा आणि एफएसने गुणा, उत्तर येतं ८२. ४३ च्या जागी ८२! त्याच वर्गमुळाने क्यूटीएसला गुणलं की ०.६, म्हणजे वरून खाली येताना ८२ च्या आधीपासूनच बेसला उतार लागलेला.

आता हे कानाला कसं कळतं सांगतो. काळी एकच्या पुरुषी तानपुऱ्याचा खर्ज असतो ६९ हर्ट्झच्या आसपास. तुमच्या नव्या वूफरवर तो वरच्या आवाजाच्या मानाने ६ डेसिबल खाली जातो. तानपुरा ऐकू येईल, वरचे स्वर भरपूर असतात त्यात, पण बूड गेलेलं असेल. जो दणका जाणवतोय तो १०० च्या वरचा आहे, कारण हा वूफर मूळच्यापेक्षा जोरात वाजतो आणि मधल्या आणि वरच्या सुरांचे बिचारे मिड न ट्वीटर मागे पडतात. शिवाय मूळ वूफर ४ ओहमचा, तुमचा ८ चा असेल तर ५७५ हर्ट्झचा क्रॉसओव्हरही (जिथे वूफर थांबून मिडकडे सूर सोपवतो तो टप्पा) जागेवरून सरकला.

कारचा सबवूफर सुचवणारे पण बरेच भेटतात. कोन जड असल्यामुळे खालचा हिशोब कधी कधी छान जुळतो, पण इथे वूफरला ५७५ पर्यंत गायचं आहे, गायकाचा निम्मा आवाज त्यातून येतो, आणि बहुतेक सबवूफर तिथे गुदमरतात.

आणि मागे भोक पाडून पोर्ट (बेस वाढवणारी हवेची नळी) लावायचा विचार तुम्ही लिहिलाय, तो प्लीज सोडा. पोर्ट ज्या सुराला जुळवलेला असतो त्याच्या खालच्या सुरांना कोनला हवेचा आधारच राहत नाही, आणि ते भोक परत बुजवून मूळसारखा बॉक्स करणं फार कटकटीचं.

त्यापेक्षा एक करा. ॲम्प्लिफायर बंद ठेवून मधल्या टोपीच्या भोवती चार बोटं टेकवून कोन हळूच आत दाबा न सोडा. सावकाश, दमादमाने बाहेर आला तर बॉक्स हवाबंद आहे. टपकन उसळला तर कुठेतरी गळतंय, बहुतेक वूफरच्या कडेखालची जुनी पुट्टी वाळलेली असते. ती बदलल्याशिवाय कोणताही वूफर टाका, बेस लागणार नाही.

तुमच्या मूळ वूफरचा फोम बोट लावलं की चिकट भुगा होतो असं लिहिलंत, आपल्या दमट हवेत तो असाच जातो. त्यात सहसा कोन आणि कॉइल (कोन हलवणारी तारेची गुंडाळी) खराब झालेली नसते. मल्टिमीटरवर कॉइल तीन-साडेतीन ओहमच्या जवळपास दाखवत असेल आणि कोन सरळ आतबाहेर करताना खरखर येत नसेल तर ते वूफर जिवंत आहेत. भंगारात दिले नसतील ना? नसतील तर मोजून आकडा इथेच लिहा, फोमचं माप आपण मिळून काढू.