परदेशातून : नोंदवहीतली मंडळी

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये, म्हणजे गावोगावच्या चर्च-समुदायांमध्ये, स्थानिक चर्च नेमके कशासाठी आहे, हा वाद जुनाच आहे. काहींच्या मते सभासद वाढवणे आणि उपासना जिवंत ठेवणे हेच त्याचे काम. इतरांना परदेशी मिशनने मागे ठेवलेल्या शाळा, दवाखाने आणि जमिनी वाचवणे अधिक तातडीचे वाटते. जर्मनीत राहून हा वाद ऐकताना जाणवते की दोन्ही पक्षांचा डोळा नोंदवहीवरच आहे. एकाचा सभासदांच्या, दुसऱ्याचा मालमत्तेच्या.

नोंदवहीवर उभे असलेले चर्च कसे असते, ते येथे रोज दिसते. नोंदलेल्या सभासदाच्या आयकरावर राज्यानुसार आठ किंवा नऊ टक्के चर्चकर लागतो आणि तो बहुधा सरकारच वसूल करून देते. ज्याला तो नको असेल, त्याने सरकारी कचेरीत जाऊन चर्च सोडल्याचे लिहून द्यायचे. 2022 मध्ये पाच लाखांहून अधिक कॅथलिकांनी तसे केले. अर्थात त्यामागे केवळ कर नव्हता, धर्मगुरूंच्या अत्याचारांची उघड झालेली प्रकरणेही होती. कारितास आणि डियाकोनी या चर्चशी संलग्न संस्थांची रुग्णालये, बालवाड्या आणि वृद्धाश्रम मात्र सुरळीत चालतात, आणि त्यांची सेवा घेणाऱ्यांत चर्चचा उंबरठा न ओलांडणारेही पुष्कळ असतात. हे काम मोठे आहे, यात शंका नाही. पण ते पगारी तज्ज्ञांच्या हाती गेल्यामुळे रविवारी बाकांवर बसणाऱ्या सामान्य सभासदाचा हात त्याला क्वचितच लागतो. आमच्याकडेही मिशनच्या काळात काही वेगळे घडले नव्हते: पैसा बाहेरून येई, कामे मिशनरी चालवीत, आणि तो ओघ आटल्यावर मंडळीच्या वाट्याला इमारती आणि कोर्टकज्जे आले.

आपल्याकडची नोंदवही तर आणखी फसवी आहे. अनुसूचित जातींच्या सवलती कोणत्या धर्मीयांना मिळतील हे ठरवणाऱ्या 1950 च्या राष्ट्रपती आदेशात पुढे 1956 मध्ये शिखांचा आणि 1990 मध्ये बौद्धांचा समावेश झाला, परंतु दलित ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. त्यामुळे श्रद्धा असूनही बाप्तिस्मा कागदावर येऊ न देणारी कुटुंबे खेडोपाडी आहेत, आणि त्यांना अप्रामाणिक म्हणण्याचा अधिकार, निदान परदेशात सुखाने राहणाऱ्या माझ्यासारख्याला तरी, नाही. जर्मनीत करापायी नाव काढले जाते, आपल्याकडे सवलतीपायी ते घातले जात नाही. दोन्हीकडे सरकारी हिशेब मंडळीची सीमा आखतो.

मराठी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी ही सीमा शंभर वर्षांपूर्वीच ओलांडली होती. 1917 मध्ये मिशनची चाकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा भक्तसमुदाय मांडला, तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांसाठी. दोन वर्षांत ते वारले आणि दरबार फार टिकला नाही. त्यांची गीते आम्ही ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून आजही गातो, दरबाराची आठवण मात्र कोणी फारशी काढत नाही, कारण तसा दरबार भरवायचा तर सभासदयादी, मतदान आणि कमिटीतल्या खुर्च्या यांवरची पकड सैल करावी लागते.

मालमत्तेचा कारभार स्वतंत्र, हिशेब उघड ठेवणाऱ्या विश्वस्तांकडे द्यावा, पाळकाचे (मंडळीच्या धर्मगुरूचे) वेतन मंडळीने स्वतःच्या वर्गणीतून द्यावे, आणि मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीच्या बैठकीत जमिनीच्या दाव्याआधी गावातल्या आजारी, एकट्या आणि कर्जात बुडालेल्या घरांचा विषय यावा, मग ती घरे यादीत असोत वा नसोत. एवढे झाले तर सभासदसंख्येचा वाद पुढच्या बैठकीवर ढकलायला माझी हरकत नाही.