संत्र्याची साल, कडुनिंबाचा रस आणि नणंदेचं पाकीट

सक्करदऱ्यात माझं औषधांचं दुकान आहे. 'मेडिकल' असं मुद्दाम म्हणत नाही, कारण नागपुरात मेडिकल म्हटलं की आधी मोठा सरकारी दवाखानाच आठवतो. गेल्या दोन महिन्यांत काउंटरवर निदान आठ-दहा जणींनी मोबाईल पुढे करून मला एकच मजकूर दाखवला. तुमच्याही एखाद्या फॅमिली ग्रुपवर तो येऊन गेला असेल. थोडक्यात असा:

'गर्भवती भगिनींनो सावधान! चेहऱ्यावर मुरूम आले म्हणजे पोटात मुलगी आहे, ती आईचं रूप घेते. मुरुमांची कोणतीही ट्यूब, गोळी, फेसवॉश वापरू नका, केमिकल थेट बाळाच्या रक्तात जातं आणि बाळ अपंग जन्मतं. त्याऐवजी संत्र्याच्या सालीची पावडर, लिंबू आणि खायचा सोडा रोज लावा. सकाळी उपाशीपोटी कडुनिंबाचा कपभर रस घ्या, रक्त शुद्ध होतं. शंभर टक्के नैसर्गिक. नाहीतर काहीच करू नका, बाळंतपणानंतर मुरूम आपोआप जातात.'

मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. पण यातल्या जवळजवळ प्रत्येक वाक्याचा परिणाम माझ्या काउंटरवर येऊन उभा राहतो, म्हणून लिहिते आहे.

मागच्या आठवड्यात एक पोरगी आली. सातवा लागलेला. स्कूटीवरून उतरून तिनं तोंडाचा स्कार्फ सोडला तर हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेनं लाल, दुखरे मुरूम, आणि गाल खरवडल्यासारखे. पर्समधून दोन वस्तू काढून तिनं काचेवर ठेवल्या. एक अर्धी पिळलेली ट्यूब, नाव बोटांनी घासून पुसट झालेलं. आणि कॅप्सूलचं एक पाकीट, दहातल्या चार शिल्लक.

"ताई, पंधरा दिवस साल लावून पाह्यली, अजूनच वाढून राहिले. पुढच्या रविवारी डोहाळजेवण आहे. हे माझ्या नणंदेचं आहे, तिचा चेहरा एकदम साफ झाला. औषधं तर सारीच खराब असतात म्हणते, मग एखादी कॅप्सूल घेतली तर काय फरक पडते?"

हा प्रश्न नीट ऐका. मेसेज तिनं मनापासून मानला होता. सगळंच सारखं वाईट, तर त्यातल्या त्यात जे लवकर काम करतं ते का नको? ती कॅप्सूल आयसोट्रेटिनॉइनची होती. नशीब, घेण्याआधी विचारायला आली.

मुलगी-मुलग्याचा मुद्दा झटपट संपवते. गरोदरपणात हार्मोन बदलतात, त्वचेतल्या तेलग्रंथी जास्त तेल सोडू लागतात, छिद्रं बुजतात आणि मुरूम येतात. कुणाला सुरुवातीच्या महिन्यांत, कुणाला शेवटच्या तीन महिन्यांत जास्त. काहींचे तर उलट कमी होतात. हे मुलगा असतानाही होतं आणि मुलगी असतानाही. भाकीत निम्म्या वेळा खरं ठरतं, कारण उत्तरंच दोन आहेत. आणि 'आईचं रूप घेते' हे वाक्य ज्या सुरात म्हटलं जातं तो सूर मला मुळीच आवडत नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९९४ चा कायदा असलेल्या देशात निदान चेहरा बघून तरी ते करू नये.

आता मुख्य मुद्दा: 'कोणतंही औषध बाळाला अपंग करतं.' या वाक्यात एक खरा कण आहे, आणि त्याच्याच जोरावर बाकीचं खोटं चालून जातं. तो कण म्हणजे नणंदेच्या पाकिटातली कॅप्सूल. आयसोट्रेटिनॉइन हे व्हिटॅमिन ए च्या कुळातलं औषध. अमेरिकेत १९८२ मध्ये मंजूर झालं, आणि लगेच पुढच्या काळात व्यंग असलेल्या बाळांच्या नोंदी येऊ लागल्या: कान नीट न बनणं, चेहऱ्याची हाडं, हृदय, मेंदू. गर्भ राहिला असताना हे औषध पोटात गेलं तर शंभरातल्या २० ते ३५ बाळांत मोठं व्यंग आढळतं, गर्भपाताचा धोका वेगळाच. थोडी मात्रा, थोडे दिवस, अशी कोणतीही सुरक्षित मर्यादा नाही. म्हणजे 'एखादी कॅप्सूल' या शब्दाला इथे जागाच नाही.

आणखी काही नावं याच बाजूची. डॉक्सिसायक्लिन, मिनोसायक्लिन ही टेट्रासायक्लिन गटातली औषधं मुरुमांवर सर्रास दिली जातात. चौथ्या महिन्यापासून बाळाच्या हाडा-दातांत कॅल्शियम साठू लागतं, त्याला हा गट चिकटतो आणि दुधाचे दात पिवळे-करडे येऊ शकतात. स्पायरोनोलॅक्टोन पुरुष हार्मोनला अडवतं, म्हणून पोटात मुलगा असेल तर त्याच्या जननेंद्रियांच्या घडणीची काळजी वाटते. अडॅपलीन, ट्रेटिनॉइन या ट्यूब आयसोट्रेटिनॉइनच्याच नात्यातल्या. त्वचेतून फार थोड्या आत जातात, तरी गरोदरपणात बंद ठेवायच्या. दिवस गेल्याचं कळण्याआधी कुणी अडॅपलीन लावलं असेल तर ती थांबवावी, डॉक्टरांना सांगावं आणि घाबरून परस्पर काही ठरवू नये. ट्यूब लावलेल्यांच्या पाहणीत व्यंगांचं प्रमाण ठळक वाढलेलं दिसलेलं नाही. कॅप्सूलचं मात्र तसं नाही. ती चुकून घेतली गेली असेल तर त्याच दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायचं.

एवढी नावं झाली. मुरुमांची औषधं इथे संपत नाहीत, आणि मेसेज नेमका इथेच फसवतो.

ॲझेलाइक ॲसिडचं क्रीम घ्या. नाव ऐकून तेजाबासारखं वाटतं, पण हेच द्रव्य गहू आणि जवातही असतं. लावलेल्यापैकी जेमतेम चार टक्के शरीरात जातं. गरोदर बाईला मुरुमांसाठी डॉक्टर बहुधा हेच आधी लिहितात, आणि मुरूम गेल्यावरचे काळे डागही यानं फिके होतात. बेन्झॉइल पेरॉक्साइड दुसरं. त्याचा अंदाजे पाच टक्के भाग आत जातो, त्याचं बेन्झोइक ॲसिड होतं आणि लघवीवाटे निघून जातं. अडीच टक्क्यांचं जेल पुरतं, दहा टक्क्यांनी फायदा वाढत नाही, आग वाढते. क्लिंडामायसिनचं जेलही चालतं, फक्त एकटं महिनोन्‌महिने लावू नये, जंतू सरावतात. म्हणून ते बेन्झॉइल पेरॉक्साइडच्या जोडीनं देतात. साधा सौम्य फेसवॉश तर चालतोच, दोन टक्के सॅलिसिलिक ॲसिडवालासुद्धा. पार्लरमधलं जोरदार पील नको. मुरूम फारच खोल आणि गाठीचे असतील तर पोटात घ्यायची अझिथ्रोमायसिनसारखी औषधंही डॉक्टर देऊ शकतात, पण ते त्यांनी ठरवायचं.

जाता जाता एक कामाची गोष्ट: बेन्झॉइल पेरॉक्साइड कपड्याचा रंग उडवतं. जेल लावून लगेच स्कार्फ बांधला की काळ्या स्कार्फवर हनुवटीच्या जागी नारिंगी डाग उमटतो. एका बाईनं तो स्कार्फ दुकानात आणून मला विचारलं होतं, "हे कपड्याचं असं करते, तर चेहऱ्याचं काय करत असन?" प्रश्न रास्त आहे. कपड्याच्या रंगावर ते ब्लीचचं काम करतं, त्वचेच्या रंगावर करत नाही. फार लावलं तर कोरडेपणा आणि सालपटं. रात्री लावा, पांढरी उशी घ्या. आणि स्कार्फचं म्हणाल तर मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत तो बांधावाच लागतो, पण घामेजलेला स्कार्फ दिवसभर जबड्यावर घासला की मुरूम तिथेच येतात. रोज धुतलेला, सुती, सैल. याला एक पैसा लागत नाही.

आता ती ट्यूब. नाव पुसलेलं होतं, पण घडीवरची बारीक अक्षरं भिंगातून वाचता आली: मोमेटासोन, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन. आपल्याकडे हिला कुणी 'गोरं करायची ट्यूब' म्हणतं, कुणी 'डागांची'. मोमेटासोन हे स्टेरॉइड. चार दिवसांत चेहरा गुळगुळीत, म्हणून नणंदेकडून वहिनीकडे आणि वहिनीकडून शेजारी फिरते. थांबवलं की मुरूम दुप्पट उसळतात, कातडी पातळ होते, गालावर लाल शिरा दिसू लागतात. हायड्रोक्विनोन त्वचेतून पस्तीस ते पंचेचाळीस टक्के आत जातं. वरच्या चार-पाच टक्क्यांशी ताडून बघा. ट्रेटिनॉइनचं आधीच सांगितलं. स्टेरॉइडच्या अशा ट्यूब चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून २०१८ मध्ये नियम कडक झाला. तरी मिळतात, हे आमच्याच धंद्याचं पाप आहे, ते मी दुसऱ्यावर ढकलत नाही. लेबल नसलेल्या गोरेपणाच्या डब्या तर हातात धरू नका. त्यात पारा असू शकतो, आणि पारा वारेतून बाळापर्यंत पोचतो.

मेसेजमध्ये या ट्यूबबद्दल अवाक्षर नाही. गव्हातल्या ॲसिडला आणि या ट्यूबला एकाच 'केमिकल' शब्दात बांधलं की बाईला निवडताच येत नाही.

संत्र्याची साल. नागपूरकर म्हणून मला तिच्याबद्दल माया आहे. हंगामात आमच्याही गच्चीवर सुपात साली वाळत असतात, आणि तो वास मला आवडतो. बाळाला या लेपानं काही होत नाही, हे आधी कबूल करते. होतं ते चेहऱ्याला. मिक्सरमधून काढलेली पावडर बोटांच्या चिमटीत घेऊन चोळून बघा, कण टोचतात. हे सुजलेल्या मुरुमावर घासलं की तो फुटतो आणि डाग राहतो. सालीतलं तेल नाजूक त्वचेला झोंबतं, आणि बागेतली फवारणी सालीवरच बसते. लिंबाचा रस भलताच आम्ल, सोडा अल्कधर्मी, आणि त्वचा मधे कुठेतरी, किंचित आम्ल. दोन्ही एकत्र केल्यावर फसफसतं, त्याला लोक 'मळ निघतोय' समजतात. मळबिळ काही नाही, लिंबू आणि सोडा एकमेकांना मारतात, त्याचा तो वायू. नुसता लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजल्यासारखी होते आणि काळे पट्टे उठतात. गरोदरपणात वांग यायचा कल असतोच, त्यात ही भर. त्या पोरीचे गाल असेच झाले होते. पिठल्याला लावायचा सोडा चेहऱ्याला कशाला?

कडुनिंबाबद्दल जरा जास्त सावध राहा. पाडव्याला गुळाबरोबर चार पानं खाणं वेगळं आणि रोज उपाशीपोटी कपभर रस वेगळा. कडुनिंबाच्या तेलाचा गर्भनिरोधक म्हणून आपल्याच देशात अभ्यास झालेला आहे, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत कडुनिंबाच्या अर्कांनी गर्भ रुजण्यात आणि टिकण्यात अडथळा दिसलेला आहे. म्हणजे मेसेज ज्याला शंभर टक्के नैसर्गिक म्हणतो, त्याचीच गर्भावरच्या परिणामासाठी तपासणी झाली आहे. 'रक्त शुद्ध' करायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं चोवीस तास करतात, आणि मुरूम रक्तातल्या घाणीमुळे येत नाहीत.

राहिलं 'काहीच करू नका, आपोआप जातात.' बऱ्याच जणींचे जातात, हे खरं. पण तोवर खोल मुरूम खड्डे पाडून जातात, आणि खड्डे आपोआप जात नाहीत. दोन-चार बारीक पुळ्या असतील तर थांबा, हरकत नाही. दुखऱ्या गाठी असतील तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. मेडिकल, मेयो, एम्स, नागपुरातल्या या तिन्ही सरकारी दवाखान्यांत त्वचेची ओपीडी आहे. आणि एक वेगळं लक्षण ध्यानात ठेवा: पुरळ नाही, पण तळहात-तळपायांना रात्री भयंकर खाज. ते मुरुमाचं काम नाही, यकृताशी संबंध असू शकतो. त्या रात्री कोणताही लेप लावत बसू नका, सकाळी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा.

त्या पोरीला मी तिच्या डॉक्टरांना फोन लावायला लावला. त्यांनी ॲझेलाइक ॲसिड लिहून पाठवलं. रविवारपर्यंत काही चमत्कार होणार नाही, सहा-आठ आठवडे लागतात, हे मी आधीच सांगून ठेवलं. ट्यूब मी ठेवून घेतली. पाकीट ठेवताना विचारलं, "ही नणंद कुठं असते? हिला हे कोणी लिहून दिलं?"

"कोणी नाही, मैत्रिणीनं दिलं."

"लग्न झालंय तिचं?"

पोरगी गप्प झाली. मेसेज फक्त गर्भवती भगिनींना होता. ज्यांना अजून दिवस गेलेले नाहीत पण जाऊ शकतात, त्यांना त्यात काहीच नव्हतं, आणि हे औषध सर्वांत जास्त त्याच वयाच्या मुली घेतात. घेताना खात्रीचं गर्भनिरोधन लागतं, आणि बंद केल्यावरही किमान एक महिना. पाकिटावर त्याहून जास्त छापलं असेल तर तेवढं.

"पाठव तिला माझ्याकडे," मी म्हटलं.

नणंद दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली. कॉलेजची बॅग, चेहरा खरंच साफ, ओठ कोरडे पडून फुटलेले. उरलेली आणखी दोन पाकिटं तिनं काचेवर ठेवली. म्हणाली, "ताई, तीस नोव्हेंबरला लग्न आहे माझं. आता काय करायचं?"